तांबड्या केसांची पुडी

उंबऱ्याखाली पुडी निघाली तेव्हा मी छबूच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. बाहेर पहार दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि सगळं अंगण एकदम गप्प झालं. एवढी माणसं जमलेली आणि कुणी खोकतसुद्धा नाही, तिथंच मला कळलं की आता काहीतरी वाईट घडणार.

"निघाली," देवऋषी म्हणाला. "मी काय सांगत हुतो?"

हा देवऋषी माझ्या धाकट्या दिरानं, यशवंत भावजींनी आणलेला. आमचे हे मिल्ट्रीत, सासरे केव्हाच गेलेले, तेव्हा घरात बाप्या माणूस म्हणजे भावजीच. छबू माझी पहिली लेक, तीन वर्षांची. तिचा ताप काही केल्या उतरत नव्हता. मी म्हणत होते तालुक्याच्या डॉक्टरकडे नेऊ. भावजी म्हणत होते आधी बाहेरचं बघू. बाहेरचं म्हणजे कुणी काही करणी केलीय का ते. आणि देवऋषी काय, आला तो सरळ उंबऱ्यापाशी बसला आणि खणा म्हणाला. मेला सगळीकडे उंबराच खणायला लावायचा. जुन्या घराच्या उंबऱ्याखाली काही ना काही निघतंच की! पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी पदर सावरत दाराशी आले आणि मलाही ते खरंच वाटलं.

पुडी म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी. आत मीठ, मोहऱ्या, काळ्या पडलेल्या मिरच्या आणि केसांची गुंतवळ. विंचरताना फणीत आलेले केस आपण बोटाभोवती गुंडाळून ठेवतो ना, तशी. देवऋषीनं ती दोन बोटांत धरून उन्हात उचलली. तांबडी होती. कुणी नाव घेतलं नाही आणि घ्यायची गरजही नव्हती. आमच्या वाडीत तांबड्या केसांची बाई एकच.

मालन आमच्या शेजारची, भिंतीला भिंत लागून घर. तिचे केस जन्मापासूनचे तसे. मेंदीचे नाहीत, उन्हानं करपलेले नाहीत, भाजलेल्या विटेचा रंग असतो तसा रंग, अगदी भुवयांनासुद्धा. तोंडावर आणि हातावर बारीक ठिपके. माहेरी तिचा बाप तिला सोनी म्हणायचा, बाजारात खांद्यावर बसवून हिंडवायचा. पण लग्न जमेना तेव्हा चुलतीनं केसांना काजळ आणि एरंडेल चोपडून तिला बोहल्यावर उभी केली. "हळद उतरायच्या न्हाणाला पाणी काळं निघालं ग," मालन मला सांगायची आणि पोट धरून हसायची. "आन् सासू तांब्या घिऊन तशीच हुबी."

सासूला काही हसू आलं नसणार. लोकांना तर बोलायला विषयच मिळाला. कुणी म्हणे हिची आजी साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती. कुणी म्हणे आईनं ग्रहणात विळी हातात धरली. भटजीबुवा म्हणाले, पिंगट केसांची मुलगी करूच नये असं शास्त्रात लिहून ठेवलंय. बाजाराला निघालेला माणूस ती समोर दिसली की घरात माघारी जाऊन पाणी पिऊन निघायचा. आणि हीच माणसं गाय व्याली की मागच्या दारानं यायची, मालन, तुझा एक केस दे की, शिंगाला बांधतो, नजर लागत नाही. तोंडावर अपशकुनी म्हणायचं आणि मागून तिच्याच केसाचा ताईत करायचा, असली आमची वाडी.

त्यात तिला मूल नव्हतं. तिनं कुणाचं पोर उचललं की आई काहीतरी काम काढून पोराला हाक मारायची. मी कधी मारली नाही. छबू तर तिच्या पदराला धरूनच चालायला शिकली. ते आता सगळ्यांना एकदम आठवलं होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"जिचं केस, तिचंच काम," देवऋषी म्हणाला. "समदं डोकं भादरायचं. केस ह्याच उंबऱ्यावर जाळायचं. आन् दीस मावळायच्या आत तिनं शीव वलांडायची, ती परत वाडीत पाय ठेवायचा न्हाई."

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"तवर पोर घराभाईर काढायचं न्हाई. डाक्टर न्हाई का सुई न्हाई."

यशवंत भावजी फाटकाकडे वळले. "हणमंता, ऐकलंस न्हवं?"

हणमंता म्हणजे मालनचा नवरा. उंच, वाकून चालणारा, कुणाशी कधी आवाज चढवला नाही असा माणूस. मला वाटलं हा आता काहीतरी बोलेल. शिवी तरी देईल. त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि निघून गेला. मला तेवढ्यात बरं वाटलं, म्हटलं बायकोला घेऊन मागच्या वाटेनं जाईल, तिला कुठंतरी पोचवेल.

देवऋषीनं गुंतवळ पाटावर ठेवली होती आणि गोवऱ्या मागवायला तो अंगणात उतरला. मी खाली वाकून बघितलं. हात लावायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण बघितलं आणि भीती गेली, तिच्या जागी दुसरीच आली. केस लांब होते, तांबडे होते, पण एका टोकाला बोटाच्या पेराएवढे पांढरेशुभ्र.

हे केस मला ओळखीचे होते. मीच विंचरून काढलेले.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, डोकेदुखी फार. उष्णतेनं कपाळ फुटायचं. वैद्यानं डोक्याला मेंदी थापायला सांगितली होती आणि ती मी थापायचे, दार लावून. दार लावून अशासाठी की विधवा बाईनं केस रंगवले म्हटल्यावर गावाला काय, चघळायला बरंच. पांढऱ्या केसांवर मेंदी कशी चढते ते सगळ्यांना माहीत आहे. आत्याबाई पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायच्या, त्यामुळे त्यांच्या पोटच्या पोरालासुद्धा पत्ता नव्हता. पावसाळा लागल्यावर डोकं थंड असतं म्हणून आषाढापासून आम्ही मेंदी बंद केली होती. आता भाद्रपद होता. छबूला ताप भरला त्या दिवशी आत्याबाईंनी मला डोकं विंचरायला बसवलं आणि म्हणाल्या, गुंतवळ टाकू नगंस, माझ्या हातात दे.

मी आत गेले. आत्याबाई छबूच्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होत्या.

"आत्याबाई, ती पुडी तुमची हाय."

त्यांचा हात थांबला नाही. "हळू बोल."

"तुम्ही कशाला बांधलीत?"

"दिष्ट काढली. माज्या म्हायेरी अशीच बांधत्यात. घरातल्या थोरल्या बाईचं केस घालायचं, मंजी पोरावरचं थोरलीवर येतं. आन् ती चुलीत जाळायची न्हाई, उंबऱ्याखाली घालायची."

"मग भाईर जाऊन सांगा की तसं."

"सांगायचं नसतं ग. सांगितलं की उलटतं. पोरगी जाईल माजी."

"आणि मालन?"

त्यांनी वर बघितलंच नाही. "केस काय, वाढत्यात परत."

"केसांचं सोडा. शीव ओलांडून कुठं जाणार ती? बाप मेला, भाऊ दारात उभी करत न्हाई."

आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू हिची आई हायस, इंदे. आदी हिचं बघ."

बाहेर गलका झाला. मी दारात येऊन बघते तर हणमंता परत आला होता. एका हातानं मालनचं मनगट धरलेलं आणि मागून सदाशिव न्हावी, काखेत धोकटी. म्हणजे हा गेला होता तो न्हाव्याला बोलवायला.

मालनच्या हातांना अजून पीठ लागलेलं होतं. तिला काही सांगितलंच नसावं. तिनं एवढी माणसं बघितली, खणलेला उंबरा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"छबू कशी हाय?" तिनं मला विचारलं. "इंदे, बोल की. पोरगी हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

मग तिला पाट आणि न्हावी दिसला. देवऋषीनं तिच्या तोंडापुढं गुंतवळ धरली आणि विचारलं, हे कुणाचं? ती नुसती बघत राहिली. तिलाही ते केस स्वतःचेच वाटले असतील, दुसऱ्या कुणाचे तांबडे केस तिनं जन्मात कधी बघितले होते?

"मी न्हाई काही केलं," ती म्हणाली. "त्या लेकराला मी कशाला…" आणि मग नवऱ्याकडे वळली. "अवो, तुमी तरी सांगा ह्यास्नी."

"गप बस," हणमंता म्हणाला. अगदी हळू, समजावल्यासारखं. "केसच काडत्यात, जीव न्हाई घेत. बस."

त्यानं तिला पाटावर बसवली आणि तिचे दोन्ही हात मागं धरले. भावजींनी अंबाड्याची गाठ सोडली. केस सुटले आणि पाटावरून खाली जमिनीला टेकले. तिचे मोकळे केस वाडीनं पहिल्यांदाच बघितले असतील, ती कायम पदराखाली घट्ट बांधून ठेवायची. बायका मागं सरकल्या. पुरुष मात्र बघत राहिले, ते मला अजून आठवतं. देवऋषीनं उंबऱ्यापुढं गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि धूर सगळा घरात येत होता. आत छबू खोकायला लागली. सदाशिवनं तांब्यातलं पाणी मालनच्या डोक्यावर ओतलं आणि वस्तरा चामड्यावर घासायला घेतला.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. आत्याबाई खरं बोलत असतील तर? मी तोंड उघडलं आणि छबूला काही झालं तर? तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी आज म्हणेन, पण आतल्या अंथरुणावर तुमचं पोर धापा टाकत असलं की तुमचा कशावरही विश्वास बसतो. मी तिथं उभी राहून देवाला म्हटलं, काय करायचं ते माझं कर. आणि अंगणात उतरले.

"सदाभाऊ, थांबा."

"वयनी, आत जावा," भावजी म्हणाले.

"जाते. आधी हे बघा." मी गुंतवळीतला एक केस सोडवला आणि माझ्या काळ्या लुगड्याच्या पदरावर आडवा धरला. "ह्याचं मूळ पांढरं हाय. दिसतंय? आता मालनचा बघा. मालन, रागावू नगंस." तिच्या कानामागचे चार केस मी खसकन उपटले. ती हलली नाही. ते केस पहिल्याच्या शेजारी ठेवले, मुळापासून टोकापर्यंत तांबडे.

भावजी वाकून बघायला लागले. मागची दोन माणसं पुढं आली.

"करनीचा केस रंग बदलतो," देवऋषी म्हणाला.

"बदलतो? मग आधी तांबडा होता का काळा, ते तुम्हाला कुठनं कळलं?"

गर्दीत कुणीतरी नाकातून हसलं. देवऋषीचे डोळे बारीक झाले. "लई बोलतीस. मग केस कुणाचा ते बी सांग. सांग, कुणाचा हाय?"

आता आली का पंचाईत. नाव घेतलं तर हीच गर्दी म्हातारीवर उलटायला किती वेळ? पाट तयार, न्हावी तयार, गोवऱ्या पेटलेल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मग एकेक करून माझ्या मागं बघायला लागले.

आत्याबाई दारात आल्या होत्या. छबूला खांद्यावर घेतलेली, एका हातानं चौकट धरलेली. खणलेल्या उंबऱ्यावर त्यांनी पाय ठेवला, चौकटीचा हात सोडला आणि डोक्यावरचा पदर मागं टाकला. वर पांढरे, खाली मेंदीनं लालभडक, असे ते केस सगळ्या वाडीसमोर उघडे पडले. त्या काही बोलल्या नाहीत. ज्यानं पुडी बांधली त्यानं बोलायचं नसतं, एवढं त्यांनी त्याही वेळी पाळलं. नुसत्या उभ्या राहिल्या आणि छबूच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"आई, पदर घे," भावजी म्हणाले. त्यांना मान वर करवेना. आत्याबाईंनी पदर घेतला नाही.

"दिष्टीची पुडी हाय ती," मी म्हणाले. "आजीनं नातीसाठी बांधली. मेंदी मी लावते, डोकं मी विंचरते. आता ह्यात करणी कुठं आली ते मला कुणीतरी समजावून सांगा."

देवऋषीनं आपला नारळ आणि अंगारा पिशवीत भरला. पायात वहाणा चढवताना तो मालनपुढं थांबला. "आज न्हाई घावलीस," तो म्हणाला. "पर हे डोक्यावर हाय तवर कवा ना कवा घावशीलच." असं म्हणून तो गेला. माणसं पांगली पण घरी गेली नाहीत. फाटकाबाहेर रस्त्यात घोळक्यानं उभी राहिली.

हणमंतानं मालनचे हात सोडले. "चल घरी," तो म्हणाला, बाजार आटोपल्यावर म्हणावं तसं.

मालन पाटावरून उठली नाही. मनगटं चोळत बसली. मग म्हणाली, "सदाभाऊ, काढा."

"अग, काय बोलतीस?" मी तिच्यापुढं बसले. "सुटलीस की आता."

"आज सुटले इंदे. आज मूळ पांढरं निघालं म्हणून." तिचा आवाज अगदी सरळ होता, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "म्होरल्या खेपंला कुणाची म्हस आटंल, कुणाचं प्वार आजारी पडंल. उंबऱ्याखाली नारळाची शेंडी जरी निघाली तरी ती माजीच. दर खेपंला मूळ बघायला तू येशील व्हय?"

मी तिचा हात धरला. सदाशिव माझ्याकडे बघत होता, मग हणमंताकडे बघायला लागला. हणमंता जमिनीकडे बघत होता. शेवटी सदाशिवनं वस्तरा उचलला.

केस पडत गेले. मी तिचा हात धरून बसले होते, पण तिनं माझा धरला नव्हता. झाल्यावर तिनं जमिनीवरचे सगळे केस गोळा केले, ओंजळ ओंजळ पदरात घेतले आणि देवऋषीनं पेटवलेल्या त्याच गोवऱ्यांवर टाकले. जळक्या केसांचा वास दिवसभर आळीतून गेला नाही म्हणे. देवऋषीनं सांगितलं होतं ते तिनं स्वतःच्या हातानं केलं, आमच्याच उंबऱ्यावर. मग घरी जाऊन एक बोचकं घेऊन आली आणि आत्याबाईंपुढं हात पसरले.

"पोरगी द्या इकडं. दुपारची यष्टी चुकंल."

आत्याबाईंनी छबूला तिच्या हातात दिली. एवढंच नाही, त्या खाली वाकल्या आणि मालनच्या पायाला हात लावला. सासूच्या वयाची बाई. मालन झटकन मागं सरकली आणि चालायला लागली.

भावजी आडवे आले नाहीत. आम्ही फाट्याकडे निघालो, मी पुढं आणि मालन छबूला घेऊन मागं. शिवेच्या वडापर्यंत हणमंता मागोमाग आला. तिथं दोघं थांबली. मी वळून बघितलं तेव्हा ती त्याच्या हातात काहीतरी ठेवत होती आणि तो ते घेत नव्हता. मग त्यानं घेतलं. ती आली, तो तिथंच राहिला.

छबूला विषमज्वर निघाला. डॉक्टर मला फाडफाड बोलला, इतके दिवस काय झोपला होता का म्हणाला. बोलू दे. पोरगी वाचली. मालन तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिली आणि छबूला घरी सोडल्यावरही तिथंच राहिली, दवाखान्यातले कपडे धुवायला. शीव ओलांडून ती परत वाडीत आली नाही. आत्याबाईंनी पुढं जन्मात डोक्याला मेंदी लावू दिली नाही, कपाळ फुटलं तरी.

पण ती यष्टी. गाडी भरलेली होती. एरवी मालन यष्टीत चढली की बायका आपापली लेकरं पदराखाली घ्यायच्या, मी किती वेळा बघितलंय. त्या दिवशी कुणी घेतली नाहीत. एका म्हातारीनं बाकावर सरकून तिला जागा दिली, बोचकं खाली ठेवायला मदत केली. मी शेजारी दांड्याला धरून उभी होते. गाडी हलली, वाऱ्यानं मालनचा पदर मागं गेला आणि म्हातारीनं तिच्या डोक्याकडे बघितलं, मग कपाळाकडे, मग गळ्याकडे. मीही तेव्हाच बघितलं. कपाळ पुसलेलं होतं आणि गळ्यात काळी पोत नव्हती.

म्हातारी चुकचुकली. तिनं मालनच्या पाठीवर हात ठेवला.

"लई कवळी हायस ग बाई," ती म्हणाली. "मालक कवा गेलं?"

मालननं छबूला मांडीवर नीट घेतलं, तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आजच," ती म्हणाली.